जिना चढलेला आकडा

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सर्वेबाई तळमजल्यावरच्या दुसऱ्या घरात एका डुगडुगत्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चौदा पानी फॉर्म, आणि पेन गेली सहा मिनिटं नवव्या प्रश्नावर अडलेलं. नववा प्रश्न असा होता: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या कुटुंबाने सहलींवर एकूण किती खर्च केला?

घर पार्लरवाल्या वहिनींचं. बाहेरच्या खोलीत पार्लर, आतल्या दोन खोल्यांत संसार. वहिनींच्या हातातल्या दोऱ्याखाली एका गिऱ्हाइकाची भुवई होती. गिऱ्हाईक डोळे मिटून खुर्चीत पडलं होतं, पण कान उघडे होते.

"असं एकदम कसं सांगणार हो ताई?" दोऱ्याचं टोक दातांत धरून वहिनी म्हणाल्या. "गेलो, आलो, मजा आली. तेवढं लिहा."

"मजेला रकाना नाही, वहिनी. आकडा हवा."

"मग तुम्हीच टाका काहीतरी. शोभेलसा."

बाईंच्या पायांवर रविवारपासून सूज होती आणि त्या महिन्याचे एकवीस फॉर्म मागे पडले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अंदाजे सांगा हो. समोरच्या चष्मेवाल्यांनी अडतीस हजार सांगितले."

दोरा भुवईवरच थांबला. गिऱ्हाइकाने एक डोळा उघडला.

"अडतीस? चष्मेवाल्यांनी?" वहिनींनी दोरा दातांतून सोडला. "आमचे पंचेचाळीस लिहा."

बाईंनी पंचेचाळीस लिहिले. आपण काय केलं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर जाड अक्षरांत एकच वाक्य आहे: एका घराचा आकडा दुसऱ्या घरात उच्चारू नये. नऊ वर्षं त्यांनी ते वाक्य पाळलं होतं. पण तोंडातून गेलेला आकडा काही परत गिळता येत नाही.

सर्वेबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण त्या भागातल्या निम्म्या घरांना दुसरं नाव माहीत नाही. वय सेहेचाळीस. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, मुलगी कॉलेजात. बाई कराराने काम करतात. एक फेरी तीन महिन्यांची, ती संपली की पुढच्या फेरीसाठी नव्याने नाव लागतं किंवा लागत नाही. घरभाडं नवऱ्याच्या पगारातून जातं, बाकीचं बरंचसं बाईंच्या फॉर्मांतून. शिवाय त्यांना हे काम आवडतं, हे त्या उघडपणे कबूल करत नाहीत. लोकांच्या घरात शिरून 'तुम्ही एवढे पैसे का उधळलेत?' असं विचारायचं, वर त्याचं ओळखपत्र गळ्यात. अशी नोकरी सोडवत नाही.

सध्याची फेरी कुटुंबांच्या पर्यटनखर्चाची होती. कोणत्या घराचा खर्च जास्त होतो, कोणत्या घराचा कमी, आणि कशामुळे, ते वरच्या कचेरीला शोधायचं होतं. त्यासाठी फॉर्मात उत्पन्न विचारलेलं, शिक्षण विचारलेलं, माणसं किती, मुलं किती, गाडी आहे का, रजा किती मिळते, सगळं विचारलेलं. अकराव्या प्रश्नात तर सरळच विचारलं होतं: सहलीचा निर्णय कशावरून घेतला? त्याला सात उत्तरं दिलेली. सातवं 'इतर', आणि त्याच्यापुढे दोन बोटं रुंदीची ठिपक्यांची ओळ.

बाईंचा अनुभव असा की खरी माणसं त्या दोन बोटांत राहतात. पहिल्या सहा उत्तरांवर खूण करणारी घरं त्यांना क्वचितच भेटली. त्यांच्या ठिपक्यांवर असलं काही लिहिलेलं असे: जावेने फोटो पाठवले. सासूबाई पंधरा दिवस लेकीकडे गेल्या. नवी बॅग घेतली होती, पडून होती. मेहुणा म्हणाला, तुमच्याच्याने होणार नाही. एका गृहस्थांनी तर, शेजारी गाणं शिकायला लागले म्हणून आठ दिवस डोंगरात गेलो, असं सांगितलं होतं. ते उत्तर कुठे बसवायचं म्हणून बाईंनी कचेरीतल्या साहेबांना फोन केला, तर साहेब म्हणाले, "आरोग्यात टाका."

उत्पन्नाचं म्हणाल तर त्याने फार काही ठरत नाही, हे बाईंना पहिल्याच फेरीत कळलं होतं. खिशात किती आहे त्यावर माणूस किती लांब जाणार ते ठरतं. जायचं की नाही, ते शेजारी ठरवतात. बाई आकड्याआधी कपाटावर नजर टाकत. वरच्या बॅगेवर धूळ किती, चाकं झिजलेली की कोरी, तेवढ्यावरून त्यांचा अंदाज हजारा-दोन हजारांच्या आत येई. फ्रिजवरच्या चुंबकांवर मात्र त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. ती बहुतेक दुसऱ्यांनी आणून दिलेली असतात.

आणि स्वतः बाई? हा प्रश्न त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच.

"मी कुठे जाते? मी रोज आठ घरी जाते," असं सांगून त्या पान उलटत.

तर, सोमवार. पार्लरमधली ती भुवई पहिल्या मजल्यावरची होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची बायको. तिने दुसरी भुवई करून घेतली, घाईने घेतली, आणि बाईंच्या आधी जिना चढली. बाई अकराला तिच्या दारात पोचल्या तेव्हा नवरा-बायको सोफ्यावर शेजारी शेजारी, फोटोला बसल्यासारखे बसलेले.

"सत्तर," ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले.

"अजून मी प्रश्न विचारलेला नाही."

"विचारा की. सत्तरच."

त्यानंतर बाईंना काही करावंच लागलं नाही. आकडा आपल्या पायांनी जिना चढत गेला. पहिल्या मजल्यावरच्या उरलेल्या तीन घरांत तो नव्वदपर्यंत गेला. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. ते गेल्या उन्हाळ्यात बेटावर जाऊन आल्यापासून इमारत त्यांना बेटवाले म्हणते. त्यांनी दार उघडल्या उघडल्या सांगितलं, "एक लाख दहा. चहा घेणार?"

सगळ्यांत उलटं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्याच शेवटच्या घरात मिळालं. तिथे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, म्हणजे इमारतीच्या काकू. काकू शिवणकाम करतात, इमारतीतल्या निम्म्या ब्लाउजांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत. मास्तर वर्तमानपत्राआडून बोलले.

"मी कुठेही जात नाही. ही गेली होती बहिणींबरोबर चार दिवस. नऊ हजार."

"चार दिवसांचे नऊच?"

"बाकीचं तिच्या भावाने केलं. भला माणूस आहे. मला आधी तसा वाटला नव्हता."

आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. ते जरा जास्तच जोरात चालू होतं.

बुधवारी दुपारी दोनला साहेबांचा फोन आला. साहेबांची बोलण्याची पद्धत थंड. ते रागावले की आणखी थंड होतात.

"बाई, तुमच्या त्या आठ घरांच्या इमारतीबद्दल बोलायचं होतं."

"बोला साहेब."

"हे लोक जेवतात कधी?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, म्हणजे उत्पन्नाच्या रकान्यात जे लिहिलंय, आणि खर्चाच्या रकान्यात जे लिहिलंय, ते दोन्ही खरं धरलं तर ही इमारत वर्षभर फक्त फिरते. भाजी आणत नाही. वीज वापरत नाही. कंप्युटरने सहा पानं लाल केली आणि आठही परत पाठवली आहेत. उद्या अकराला चाळणी येतील."

चाळणी म्हणजे तपासनीस. खरं नाव कचेरीतल्या हजेरीपटावर असेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, बोलायला अत्यंत काटकसरी माणूस. त्यांची रीत ठरलेली: कुठलीही चार घरं निवडायची, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे. दहातला एक हिस्सा इकडेतिकडे चालतो. चारांतलं एक घर चुकलं तर माफ. दोन चुकली तर त्या सर्वेवाल्याचा नंबर पुढच्या फेरीच्या यादीतून जातो, आणि एकदा गेलेला नंबर परत आल्याचं कचेरीत कुणाला आठवत नाही.

"तपासणीच्या आधी दुरुस्तीचं पान भरायची मुभा आहे," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत. पण बाई, तुम्ही त्यांना पुन्हा विचारलंत तर ते पुन्हा तेच सांगतील."

ते खरं होतं. सोमवारी ज्याने सत्तर सांगितले तो आज एकतीस कोणत्या तोंडाने सांगणार? बाईंनी पाच मिनिटं विचार केला. चौथ्या पानावरचा नियम मोडून त्यांनी लोकांपुढे मोठा आकडा ठेवला, आणि लोक त्याच्या वर चढले. मग छोटा ठेवला तर? कुणा दुसऱ्याचा नव्हे, त्यांचाच. नीट बघितलं तर पुस्तिकेत त्याला मनाई नव्हती.

साडेचारला त्या पार्लरमध्ये हजर झाल्या. ह्या वेळी आधी गिऱ्हाईक नाही ना ते बघून घेतलं.

"वहिनी, कचेरीत तुमचा फॉर्म दुरुस्त झालाय. तेवढी सही द्या." आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं, "एकूण सहलखर्च, सहा हजार."

"काय?"

"सहा हजार."

"कुणी लिहिलं सहा हजार?"

"उत्पन्न बघून एवढाच बसतो म्हणाले. सही इथे, खाली."

"थांबा!" वहिनी आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज, काहीतरी पडल्याचा आवाज, 'अहो, ती पाकिटं कुठे ठेवलीत?' असा आवाज. मग त्या बाहेर आल्या त्या चपलेच्या खोक्यासकट. खोक्यात बसची तिकिटं, हॉटेलची बिलं, एका धबधब्याचं प्रवेशपत्र, उंटाबरोबर फोटो काढल्याची पावतीसुद्धा.

"लिहा आता. सहा हजार म्हणे! आम्ही काय रस्त्यावर झोपलो होतो? लिहा, खोलीचे आठ हजार चारशे."

बाईंनी लिहिलं. बेरीज बावीस हजार सहाशेची झाली. वहिनींनी ती मोठ्या समाधानाने दोनदा वाचली आणि सही केली. सोमवारच्या पंचेचाळिसांचं दोघींपैकी कुणीच नाव काढलं नाही.

माणूस बढाई मारतो ती हवेत मारतो. अपमान झाला की पावती काढतो. बाईंनी हा शोध त्या संध्याकाळी एकामागून एक घरात पडताळून पाहिला. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना आठ हजार वाचून दाखवले तर त्यांनी आवाज चढवला, मोबाईलमधले सगळे व्यवहार उघडले, आणि बायकोला जाब विचारल्यासारखं एकेक वाचून घेतलं. एकतीस हजार. पहिल्या मजल्यावरच्या उरलेल्या घरांतही दर वेळी आधी ओरडा झाला आणि मग कागद निघाले.

बेटवाल्यांकडे बाईंनी जरा हात सैल सोडला. कपाटावरच्या त्यांच्या बॅगेला दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती, ते त्यांनी सोमवारीच पाहिलं होतं.

"एकूण सहलखर्च," बाईंनी वाचलं, "शून्य."

त्या ओरड्याची वाट बघत थांबल्या. ओरडा आला नाही. नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने पडद्याकडे.

"सही कुठे?" नवऱ्याने हळूच विचारलं.

सही करता करता त्याने स्वतःहून सांगितलं. सहा दिवस दूध बंद केलं होतं, पडदे ओढले होते, दिवा फक्त न्हाणीघरात. सगळे जाणार होते, मग आपण नाही कसं म्हणायचं? दिवसभर पाव खाल्ला. चौथ्या दिवशी शिंक आली तर उशीत तोंड खुपसून दिली.

"रंग कसा रापला मग?" बाईंनी विचारलं.

"गच्चीवर. पहाटे."

"पहाटे ऊन कुठलं?"

"म्हणून तर सहा दिवस लागले."

बाईंनी फॉर्म मिटला. अकराव्या प्रश्नाच्या ठिपक्यांवर 'सगळे जाणार होते' एवढंच लिहिलं.

शेवटचं घर मास्तरांचं. मास्तर फिरायला गेलेले; काकू मशीनवर एकट्या. इथे छोटा आकडा वाचायची गरज बाईंना वाटली नाही. त्यांनी साधं विचारलं, "काकू, नऊ हजार बरोबर ना?"

काकूंचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

"दार लोटा जरा."

बाईंनी दार लोटलं.

"नऊ त्यांनी दिले. खरे झाले सव्वीस. सतरा माझे, शिलाईतले. भाऊ कसला करतोय! तो गेल्या सहा वर्षांत फोनसुद्धा माझ्याच पैशाने करतो, मिस्ड कॉल देतो."

"मग मास्तरांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की घराला रंग काढतील. चार वर्षं रंगाचं चाललंय. माझ्याकडे पैसे आहेत असं कळायची खोटी." काकूंनी सुईतला दोरा तोडला. "तुम्ही नऊच राहू द्या."

 नऊ ठेवणं अगदी सोपं होतं. उद्या चाळणी विचारणार, मास्तर नऊ सांगणार, आकडा जुळणार. पण खरा आकडा कानावर पडल्यावर दुसरा लिहायचा, हे बाईंनी आजवर केलं नव्हतं. एका सोमवारी एक नियम मोडला म्हणून बुधवारी दुसरा मोडायचा, हे त्यांना पटेना.

"काकू, सव्वीस लिहिते. फॉर्म घरात कुणाला दाखवत नाहीत, माझा शब्द. पण उद्या एक साहेब येऊन हेच पुन्हा विचारतील. त्यांना मास्तर भेटले तर नऊ म्हणतील आणि माझं चुकलं असं धरतील. दोन घरं चुकली तर माझं पुढच्या फेरीचं काम गेलं."

"मग?"

"फॉर्मावर भेटीची सोयीची वेळ लिहायला चौकट आहे. मास्तर घरी नसतात ती वेळ सांगा."

काकू पहिल्यांदाच हसल्या. "अकरा ते एक. वाचनालयात असतात. तिथली पाचही वर्तमानपत्रं वाचल्याशिवाय येत नाहीत."

बाईंनी चौकटीत ठळक अक्षरांत 'अकरा ते एक' लिहिलं.

गुरुवारी चाळणी अकरा वाजता आले. घरं दाखवायला बाई बरोबर. चाळणींनी पहिलं दार चष्मेवाल्यांचं निवडलं. चष्मेवाल्यांकडे प्रत्येक पावती टाचून ठेवलेली. आकडा पैशापर्यंत जुळला. दुसरं पार्लर. वहिनींनी विचारायच्या आधीच चपलेचं खोकं पुढे केलं. जुळला.

तिसरं दार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचं. दार उघडलं. आत सोफ्यावर गृहस्थांचे सासरे आणि मेहुणा, सकाळीच आलेले, चहा पीत बसले होते.

"सहलीवर एकूण खर्च किती झाला?" चाळणींनी विचारलं.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी बाईंकडे बघितलं. सासऱ्यांकडे बघितलं. मेहुण्याने कप खाली ठेवला.

"सत्तर," ते म्हणाले. "वरच गेले असतील."

"सत्तर हजार?" सासरे म्हणाले. "आमच्या पोरीने तर एकतीस सांगितले होते."

"तिला सगळं कुठे माहीत असतं?"

"मग आमच्याकडे येताना बिस्किटांचा एकच पुडा कसा आणलात?" मेहुण्याने विचारलं.

चाळणींनी सत्तर लिहिले आणि बाहेर पडले. जिन्यात त्यांनी सकाळपासूनचं पहिलं स्वतःचं वाक्य उच्चारलं.

"एक गेला."

दुसऱ्या मजल्यावर ते बेटवाल्यांच्या दारापुढे जरा थांबले, दारावरची पाटी वाचली आणि पुढे निघाले. बाईंनी रोखलेला श्वास सोडला. चाळणींनी शेवटच्या दाराची घंटा वाजवली. घड्याळात अकरा पन्नास. चौकटीतल्या वेळेच्या जवळजवळ मध्यावर.

दार मास्तरांनी उघडलं.

वाचनालयाला गुरुवारी सुट्टी असते. इतक्या साध्या गोष्टीचा बाईंनी विचार केला नव्हता, आणि काकू मशीनवरून उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की सकाळपासून त्यांना दुसरा विचारच सुचला नव्हता.

"बसा," मास्तर म्हणाले. "चहा टाक गं."

काकूंना जावं लागलं. जाताना त्यांनी बाईंकडे असं बघितलं, की बाईंनी नजर पुठ्ठ्यावर वळवली.

चाळणींनी प्रश्न विचारला. मास्तरांनी वर्तमानपत्र, कालचंच, घडी करून बाजूला ठेवलं. स्वयंपाकघराकडे कान देऊन खात्री केली. मग पुढे वाकले.

"सव्वीस," ते कुजबुजले. "सव्वीस हजार दोनशे. पण हळू बोला."

बाईंनी मान वर केली.

"तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बिल होतं. मी बॅग माळ्यावर टाकायला गेलो तेव्हाच पाहिलं. सतरा हजार तिने शिलाईतून घातले. मला माहीत नाही, असं तिला वाटतं."

"सांगितलं का नाही?" चाळणींनी विचारलं. हा प्रश्न फॉर्मात नव्हता. नोकरीच्या छत्तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच पदरचा प्रश्न विचारला असावा.

"अहो, मला माहीत आहे असं कळलं तर ती म्हणेल, पैशांचा प्रश्न नाही ना, मग तुम्हीही चला. आणि मला जायचं नाही. चार दिवस घरात मी एकटा. रेडिओ माझा, खिडकी माझी, जेवायची वेळ माझी. सव्वीस हजारांत मिळतंय ते, तेही सतरा तिचे. स्वस्तच आहे."

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मास्तर झटकन मागे टेकले.

"काय विचारत होते?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, ते सहलीचं. नऊ हजार सांगितले," मास्तर निर्ढावलेल्या आवाजात म्हणाले.

काकू ट्रेसकट जागीच थांबल्या. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंना काही बोलायची सोय नव्हती; त्या फक्त मान हलवू लागल्या, नको, नको. काकूंनी त्याचा अर्थ उलटा घेतला. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि चाळणींसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, नऊ खोडा. सव्वीस हजार दोनशे. सतरा माझे आहेत. ह्या बाईंनी बरोबर लिहिलंय, ह्यांना काही बोलायचं नाही. आणि तुम्ही," त्या मास्तरांकडे वळल्या, "काढा आता रंगाचा विषय. काढा!"

 चाळणींनी लिहिलेल्या आकड्यावरचा हात उचलला. काकूंची नजर त्यांच्या फॉर्मावर गेली. तिथे आधीच सव्वीस हजार दोनशे लिहिलेलं होतं, आणि शाई वाळलेली होती.

काकूंनी आकडा बघितला. मास्तरांना बघितलं. मास्तर घडी केलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"थोडंफार."

"दोनशेसुद्धा माहीत होते?"

"बिलावर होते ना."

"आणि मी आठ महिने भावाचं कौतुक ऐकत बसले! भला माणूस आहे म्हणे!" काकू खुर्चीत बसल्या.  मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता मध्येच थांबल्या. "म्हणजे पैशांची अडचण नव्हती. तुम्हाला रंगाचंही काही नव्हतं."

"तसं काही नाही..."

"मग पुढच्या वर्षी तुम्ही का येत नाही?"

मास्तरांनी चाळणींकडे मदतीसाठी बघितलं. चुकीच्या माणसाकडे बघितलं. चाळणींनी पान उलटलं आणि बाराव्या प्रश्नावर पेन टेकवलं.

"पुढील बारा महिन्यांतील नियोजित सहल," त्यांनी वाचलं. "आधीच्या फॉर्मावर माणसं एक लिहिलीय. तीच ठेवायची?"

"दोन करा," काकू म्हणाल्या.

"अगं पण बहिणी..."

"बहिणींना सांगते मी. त्यांचेही नवरे घरीच असतात. दोन करा साहेब."

चाळणींनी दोन केले. अंदाजित खर्चापुढे बावन्न हजार लिहिले. मग कारणाच्या रकान्यात सातव्या उत्तरावर खूण करून ते ठिपक्यांच्या ओळीपाशी थांबले.

"ह्याला काय लिहायचं, बाई?"

"पकडले गेले," बाई म्हणाल्या.

चाळणींनी ते तसंच लिहिलं. त्या दोन बोटांत ते नीट मावलं.

चहा झाल्यावर दोघं खाली उतरले. फाटकापाशी चाळणींनी चारही फॉर्म एकावर एक ठेवले, तपासणीच्या पानावर 'चारपैकी तीन जुळले' असं लिहून सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"सोमवारी आकडा जिन्यात कुणी सोडला?"

"मी," बाई म्हणाल्या.

"चौथं पान."

"हो."

चाळणींनी पेनाचं टोपण परत काढलं, शेऱ्याच्या जागी 'तोंडी समज दिली' असं लिहिलं, आणि समज न देताच बसस्टॉपकडे चालू लागले.

साडेतीनला साहेबांचा फोन आला. बाईंचा नंबर पुढच्या फेरीच्या यादीत राहिला होता. उद्या शुक्रवार. बाईंच्या वाट्याला पाण्याच्या टाकीमागची इमारत आहे: दहा घरं, चार मजले, सुरुवात पावणेदहाला. सुरुवात त्या सगळ्यांत वरच्या मजल्यापासून करणार आहेत.